ठमी खुडूक झालीच नव्हती

मंडळी, आज सकाळी आमचं हसं झालं, पण एक जीव वाचला.

नांदुऱ्यात आमच्या परसात दोन बदकं आहेत. त्यातली ठमी दोन दिवस पिसं फुगवून कोपऱ्यात बसून होती. माझी बायको सुनंदा म्हणाली, खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसायची झाली, आता पिल्लं होणार. तिने टोपलीत गवत घालून ठमीला बसवलं आणि शेजारी पेढेसुद्धा वाटले.

आज टोपलीत हिरवट, पाण्यासारखी पातळ विष्ठा दिसली. ठमीने मान टाकली होती. कोंबड्या पाळणारे शेजारी सलीमभाई बघायला आले.

"वहिनी, हे खुडूक नाही हो. इचं पोट बिघडलं."

"मंग परवा काऊन नाही सांगितलं?"

"परवा तुम्ही पेढा देऊन राह्यल्या होत्या. बोलू कसा?"

सुनंदा घरातली माणसांची, जुलाब थांबवायची गोळी घेऊन आली. मी तिला थांबवलं आणि ठमीला टोपलीसकट पशुवैद्यकांकडे नेलं. त्यांनी आधी विचारलं, काय खाल्लं? तेव्हा आठवलं, आमच्या म्हशीच्या घमेल्यातली आंबलेली सरकीची ढेप, म्हणजे पेंड, ठमीने खाल्ली होती! त्यांनी औषध दिलं. ठमीला वेगळं ठेवा, चोच पूर्ण बुडेल एवढं स्वच्छ पाणी द्या, म्हणाले.

संध्याकाळी ठमीने पाण्यात चोच खुपसली, थोडं खाल्लं आणि मोठ्याने ओरडली. सुनंदा तव्यावरची पोळी सोडून धावली. करपलेली पोळी आम्ही आनंदाने खाल्ली.

औषध अजून चालू आहे. पण दोन दिवस ठमीचा आवाज नव्हता, हे आमच्या लक्षातच आलं नाही. तुमच्या घरच्या मुक्या जिवाचं दुखणं तुम्हाला आधी कशावरून कळतं?