हातचा धरलास का?

कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, चुकू शकतो, हे आमच्या टीम लीडच्या गळी उतरवायला मला जेवढी बोंबाबोंब करावी लागली, तेवढी मी चाळीच्या नळावरसुद्धा कधी केली नव्हती.

लोअर परळच्या ऑफिसात मी एक प्रोग्राम लिहिला होता. मशीनवर चालू असलेल्या प्रोग्रामांपैकी कोण किती मेमरी खातोय, ते तो दाखवायचा. जुन्या मशीनवर झकास चालला. नव्या, भरपूर कोअरवाल्या, म्हणजे एकाच वेळी काम करणारे पुष्कळ मेंदू असलेल्या मशीनवर टाकला, तर छोट्या छोट्या प्रोग्रामांपुढे चक्क शून्य! चालू आहेत, काम करतायत, आणि मेमरी म्हणे शून्य.

"तुझा प्रोग्राम गंडलाय," लीड म्हणाला. "सोमवारी काढून टाकतो."

"आकडा मी बनवत नाही. कर्नल सांगतो तो दाखवते. चूक कर्नलची आहे."

"अख्खं जग वापरतं तो कर्नल. चूक तुलाच बरी सापडली, परळच्या चाळीत बसून!"

चाळ काढली ना, माझं डोकंच सटकलं. म्हटलं, थांब, दाखवतेच तुला.

तो शनिवार-रविवार गॅलरीत लॅपटॉप मांडीवर घेऊन कर्नलचा कोड वाचत बसले. खाली कॅरम चालू होता आणि म्हातारी मंडळी नेहमीसारखी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांच्या गप्पा हाणत होती. माझ्याशेजारी बसलेली आजी वरूनच म्हणाली, "मी पण होते." तर एक आजोबा म्हणतात, "तू कुठं होतीस? आम्ही तर नाही पाहिली." सगळे हसले. मला राग आला, पण माझं लक्ष कोडात होतं.

आणि सापडलं! प्रत्येक कोअर आपला हिशेब आपल्यापाशी ठेवतो, बऱ्यापैकी साठला की मगच मोठ्या बेरजेत टाकतो. विचारणाऱ्याला आकडा सांगणारा कर्नलचा भाग मात्र नुसती मोठी बेरीज वाचत होता. छोट्या प्रोग्रामाचं कधी तेवढं साठायचंच नाही. मी जोरात ओरडले, "अरे, हातचे विसरलेत!" लहानपणी माझी प्रत्येक बेरीज बघताना आजी हेच विचारायची, हातचा धरलास का गो?

दुरुस्ती लिहिली, कर्नल सांभाळणाऱ्यांना पाठवली. उत्तर आलं, सगळ्यांचे हातचे गोळा करायला वेळ लागेल. मी कळवलं, मोजणाऱ्या कोअरना घाई असते, त्यांना बिलकूल अडवू नका; विचारणारा कधीतरीच विचारतो, त्याला खरं सांगा. बरीच हुज्जत झाली. तोवर मी लीडकडून सोमवार पुढे पुढे ढकलून घेत होते. शेवटी त्यांनी दुरुस्ती घेतली, माझ्या नावानिशी. लीडने स्वतः मशीनवर चालवून पाहिली. शून्य गेलं, खरे आकडे आले. माझा प्रोग्राम राहिला. त्या दिवशी ऑफिसातून घरापर्यंत मी छाती काढून चालत आले.

आजीला सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं, मग खालच्या कॅरमकडे बघत म्हणाली, "त्या वेळी आम्ही पोरी अगदी मागं होतो गो बाय. पुढच्यांना दिसलोच नाही." मग माझ्याकडे वळली. "मग आम्हाला पण धरायचं ना?"

"धरायचंच, आजी."

ती उठली, कठड्यापाशी गेली आणि खालच्या आजोबांना मोठ्यांदा हाक मारली.