स्पीकरच्या मागचे मामा

वरवंड गावात लग्न कुणाचंही असो, स्पीकर साऱ्या गावाच्या मामांचेच. मी स्वस्तातला जुना रेकॉर्ड प्लेअर आणल्याचं कळलं, तसे ते लग्नांतून बाद झालेला अँप्लिफायर आणि दोन स्पीकर टेम्पोत घालून दारात हजर. "नवं कशाला घेता? ह्येच गातंय का न्हाई बघा!"

पहिल्यांदा आवाज डासासारखा आला. "सुईचा आवाज बारीक असतोय," म्हणत मामांनी मध्ये आवाज वाढवणारी एक छोटी डबी जोडली. आणि आजोबांची एकुलती एक रेकॉर्ड, जी वाजेल की नाही याची मला धास्ती होती, ती खणखणीत गायला लागली! मी फक्त नाचायचाच काय तो बाकी होतो.

मामा मात्र स्पीकरच्या मागे, अँप्लिफायरपाशी उकिडवे बसलेले. प्रत्येक लग्नात बसतात तसेच, बटणावर बोट ठेवून. मी त्यांना हाताला धरून ओढलं आणि दोन्ही स्पीकरसमोर खुर्चीत बसवलं. आधी अवघडले, मग मान डोलायला लागली, आणि एकदम मांडीवर थाप मारून ते खदाखदा हसले.

"आयला, पुढनं असं ऐकू येतंय व्हय? लावा परत! आता मी न्हाई उठायचा."