पहिल्या काडीसाठी आणलेला ताप

मागल्या ऑक्टोबरात दिंडोरीहून सिंगापूरला परत निघाले तेव्हा आईनं हातावर दही घातलं, पण आप्पा फाटकापर्यंत आले नाहीत. गोधडीत कुडकुडत पडले होते. "छाटणीचा शीण हाय. जा तू, विमान चुकंल," म्हणाले. मी पाया पडले. पाय चांगलेच तापले होते. तरी निघाले.

विमानात आठवलं. तीनेक आठवड्यांपूर्वी घरी जाताना मलाही असाच ताप होता. मी सिंगापुरात डेंग्यूच्या विषाणूची जनुकं वाचणाऱ्या लॅबमध्ये काम करते, मला कळायला नको? निघायच्या सकाळी तिथे रक्त दिलं, पण रिपोर्टला थांबले नाही. गोळी घेतली नि विमानात बसले. का, तर द्राक्षबागेतली छाटणीची पहिली काडी आप्पा दरवर्षी माझ्याच हातानं कापून घेतात. एवढी शिकलेली, अन् अक्कल गहाण! घरी फवारणीच्या पाण्याच्या उघड्या ड्रमाशेजारी खाट टाकून दिवसभर पडले. डास चावत होते, मी खाजवत होते.

इकडे पोचले तर आप्पा नाशिकच्या दवाखान्यात. प्लेटलेट्स घसरत होत्या. आई फोनवर नुसतं "बरे हायत, बरे हायत" म्हणायची.

रामकुंडावर उपाध्याय वहीतून आपल्या पिढ्या काढून दाखवतात ना, तसंच आम्ही विषाणूचं करतो. एकापासून दुसरा होताना त्याच्या जनुकांत अधूनमधून एखादं अक्षर बदलतं, त्यावरून कोण कुठल्या घरातला ते कळतं. आप्पांच्या रक्तातला विषाणू तिकडच्या लॅबनं वाचून त्याची अक्षरं नेटवर सगळ्यांसाठी खुली केली. मी ती लावून पाहिली. नाशिकच्या बाकीच्यांशी नातं लांबचं. निघताना दिलेल्या माझ्या रक्तातल्याशी मात्र अक्षरन् अक्षर जुळलं. विमानतळावर माझा पासपोर्ट दोनदा तपासला होता, याला कुणी हटकलं नाही.

आप्पा वाचले. पण डेंग्यूचे चार प्रकार असतात, आणि दुसऱ्यांदा वेगळा झाला तर जिवावर बेतू शकतं. आईला रडत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "येडी हायेस का? पोरगी घरी आली, ह्यो काय गुन्हा हाय? ड्रम झाकलाय मी. छाटणीला ये."

तुम्हीही लांबून घरी जाता, म्हणून लिहिते. घर म्हणजे आता, जिथं पाय ठेवताना मला माझीच भीती वाटते ती जागा. यंदाही तिकीट काढलंय. रक्त दिलंय, रिपोर्ट यायचाय. आप्पांना म्हटलं, माझ्यासाठी थांबू नका.

"बरं," ते म्हणाले. "पण एक वेल राखून ठेवतो."

बॅग अजून भरलेली नाही.