न पाठवलेला ‘हो’

कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात दिवसभर सगळे हसत असतात, म्हणजे टेबलावरच्या कवळ्या. माणसं मात्र माना खाली घालून काम करतात. त्यांच्यात सगळ्यात गप्प तो, म्हणून त्याचं नाव पडलं मौनीबुवा. वय जेमतेम बावीस, पण हात असा की त्यानं मेणात बसवलेले दात पाहून दातांचे डॉक्टर मालकाला विचारत, “ही कुणाची कारागिरी हो?” मालक बेधडक सांगे, “माझीच की!” मौनीबुवाला त्याचं काही वाटत नसे. लोकांनी आपली जितकी कमी चौकशी करावी तितकं बरं, असं त्याचं मत होतं.

त्याला कारणही तसंच होतं. आईकडून त्याला जन्मतःच एचआयव्ही मिळाला होता. आई लवकर गेली, मामा-मामींनी वाढवला. मामी रोज गोळी त्याच्या हातावर ठेवायची आणि तो ती गिळेपर्यंत पुढ्यातून हलायची नाही. तेव्हा त्याला त्याचा काच वाटे. मग या शहरात काम लागलं, भाड्याची खोली घेतली. मामी एका जबाबदारीतून सुटली आणि हा एकटा पडला. तिचा फोन अधूनमधून येई, पण तो घाईचा. “बरा आहेस ना? बरं बाबा, गॅसवर काहीतरी ठेवलंय.”

दवाखान्यानं तरुण मुलांसाठी एक सोय केली होती. गोळीची आठवण म्हणून रोज संध्याकाळी मोबाइलवर मेसेज यायचा. कुणी डोकावलं तरी काही कळू नये म्हणून त्यात ना आजाराचं नाव, ना औषधाचं. ज्यानं त्यानं आपल्याला हवं ते वाक्य निवडायचं. कुणी ‘मॅच बघितलीस का?’ घेतलं, कुणी ‘अभ्यास झाला का?’. मौनीबुवानं बराच वेळ लावला आणि खाली बघत म्हणाला, “जेवलास का.” मुलांची विचारपूस करणाऱ्या तिथल्या ताईंनी मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. नियम साधा होता. गोळी घेतली की ‘हो’ पाठवायचं. लागोपाठ दोन दिवस ‘हो’ आलं नाही, तर ताई स्वतः फोन करणार.

मेसेज यायचा तो नेमका कारखाना आवरायच्या वेळी. शेजारी बसणारा पॉलिशवाला तोंडाचा फाटका. त्यानं एकदा वाचलंच. “अरे वा! मौनीबुवा, कोण ही? रोज जेवणाची चौकशी!” हा कानापर्यंत लाल झाला, आणि झालं, साऱ्या कारखान्यानं त्याचं लग्न जुळवून टाकलं. त्यानंही कधी नाही म्हटलं नाही. खोटी का होईना, आपली कुणी वाट बघतं असं चार लोकांना वाटतंय, याचं त्याला सुख होतं. गोळी तो नळावर जाऊन, पित्ताची आहे सांगून घ्यायचा.

मेसेज यंत्र पाठवतं हे त्याला ठाऊक होतं. तरी एकदा त्यानं लिहून पाहिलं, ‘हो. तू?’ लगेच उत्तर आलं, ‘छान! उद्या बोलू.’ नुसतं ‘हो’ पाठवलं तरी हेच यायचं.

मग एकदा फोन प्लास्टरच्या बादलीत पडला. दोन दिवसांनी दुरुस्त होऊन हातात येतो न येतो तोच वाजला.

“काय रे, होतास कुठे? माझा जीव टांगणीला लागला ना!” ताईंचा आवाज होता. झोप लागते का, खोकला आहे का, खोलीत ऊन येतं का, स्वयंपाक कोण करतं, सगळं विचारून झालं. “तुझ्यापायी चहाचं सरबत झालं बघ माझ्या!” एरवी मोजून मापून बोलणारा हा गडी, त्या दिवशी कुकरची शिटी बिघडल्यापासून सगळं सांगत सुटला.

त्यानंतर त्यानं काय करावं? गोळी घेतली आणि ‘हो’ पाठवलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन आला. “विसरलो हो ताई.” मग ही रीतच पडली. गोळी मात्र त्यानं एकदाही चुकवली नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. ताई रागवायच्या, खंड पडला तर औषध लागू पडेनासं होतं म्हणून कळवळून सांगायच्या, आणि हा मन लावून ऐकायचा. रागवायला तरी कुणी आहे, एवढंच त्याला पुरे होतं. ताईंना काय काय सांगायचं, ते तो दात बसवताना मनात जुळवून ठेवी.

रक्ततपासणीनं बिंग फुटलं. रिपोर्ट इतका उत्तम की डॉक्टर खूश झाले. ताईंनी मात्र दार लोटून घेतलं.

“इतक्या गोळ्या विसरणाऱ्याचा रिपोर्ट असा येत नाही. खरं सांग.”

“रोज घेतो, ताई.”

“मग ‘हो’ का पाठवत नाहीस?”

“पाठवलं की तुम्ही फोन करत नाही.”

ताईंनी चष्मा काढून पुसला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“फोन करायला मी एकटीच आहे रे,” त्या म्हणाल्या. “तुझ्याच वयाची एक मुलगी आहे. तिचंही ‘हो’ येत नव्हतं. तुझ्याशी बोलणं लांबायचं आणि तिचा फोन उद्यावर जायचा. परवा केला, तर तिचा नंबरच बंद. तुला एकट्याला दोष नाही देत. मलाही तुझ्याशी बोलायला आवडायचं.”

तेव्हापासून तो रोज ‘हो’ पाठवू लागला. फोन मुका झाला. खोलीवर गेल्यावर आपला आवाज आपल्यालाच ऐकू यावा म्हणून तो भांड्यांशी बोलू लागला.

आणि एका संध्याकाळी नळापाशी, गोळी तळहातावर असताना, त्याच्या मनात आलं, खरोखरच नाही घेतली तर? दोन दिवस. मग खोटं बोलायला नको. फोन हक्काचा होईल. या विचारानं तो स्वतःच घाबरला. तरी नळ तसाच वाहत राहिला आणि हात काही तोंडाकडे जाईना.

त्याला ती मुलगी आठवली. कधी न पाहिलेली. ती कुठल्या खोलीत असेल, तिला कोण विचारत असेल? ताई अजूनही रोज तिचा नंबर लावून बघत असतील. त्यानं गोळी गिळली, वर पाणी प्यायला आणि ‘हो’ पाठवलं.

“काय म्हणते?” पॉलिशवाल्यानं हात धुता धुता डोळा मारला.

“जेवलास का म्हणते.”

“नशीब काढलंस लेका! आम्हाला कोण विचारतंय!”

मौनीबुवा हसला आणि पिशवी उचलून बाहेर पडला. आज फोन वाजणार नव्हता; त्याची व्यवस्था त्यानं आपल्याच हातानं केली होती. तरी खोली येईपर्यंत त्यानं तो खिशात टाकला नाही.