गाडीतली दुसरी बॅटरी

आमच्या घरातली मधली खोली दादाने वर्षभर कुलपात ठेवली, तीही देवाच्या नावाखाली. आमच्याकडे गणपती साखरचौथीचा. सगळ्यांचे गेले की आमचा येतो आणि दीड दिवसात जातो. बाकीचं वर्ष त्या खोलीत मखराचे पुठ्ठे लोळतात. दादा-वहिनी मागच्या खोलीत. मी, बायको आणि खोकणारी आई पुढच्या खोलीत, मध्ये साडीचा पडदा. खोली मागितली की दादाचं ठरलेलं उत्तर, देव बसतो तिथे नवराबायकोने निजायचं नसतं. कुठल्या पोथीत लिहिलंय ते त्यालाच ठाऊक.

म्हणून मी पेणच्या एका गॅरेजवाल्याकडून जुनी व्हॅन घेतली. रोह्याला कंपनीत शिफ्टला जायला हवी, असं घरी सांगितलं. मागची सीट काढून फळी टाकली, वर गादी, खाली दुसरी बॅटरी. इंजिन चालू असलं की दोन्ही बॅटऱ्या चार्ज व्हायच्या, बंद केलं की रिले दुसरीला वेगळी करायचा. रात्रभर पंखा नि दिवा चालला तरी सकाळी गाडी मुकाट सुरू व्हायची. वायरी मीच ओढल्या, फ्यूज मीच टाकले, बोटं सोलवटून घेतली. सुट्टीच्या आदल्या दिवशी कोलाडला नदीकाठी गाडी लावायची, काचांना मच्छरदाणी. तिथे बायको मोठ्याने हसायची. घरी तिचं हसू मी कधी ऐकलंच नव्हतं.

वहिनीने गावभर केलं. घरदार असून रस्त्यावर झोपतात, म्हणे. तिच्या जिभेला हाडच नाय.

यंदा साखरचौथीला शिफ्ट संपवून आलो, तर व्हॅनचं दार सताड उघडं. फळी उपटलेली. वायरी पकडीने कापलेल्या, नट खोलायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते. बॅटरी मखराखाली, दिव्यांच्या माळेला जोडलेली. लाईट सारखी जात होती म्हणून दादाने न विचारता नेली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडायच्या आत दादा पाहुण्यांसमोर शांतपणे म्हणाला, "देवाच्या कामाला घेतली. नाय म्हणतोस काय?"

मी हातपाय धुऊन आरतीला उभा राहिलो. बायको बाहेर जाऊन कापलेल्या वायरी बघून आली आणि पुन्हा मोदक वळायला बसली. त्या दिवशी मला तिचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी खाडीवर विसर्जन झालं. घरी येऊन आरती झाली, प्रसाद घेऊन माणसं पांगली. दादा कुलूप आणायला मागच्या खोलीत गेला, तेवढ्यात बायकोने व्हॅनमधली गादी ओढत आणून मधल्या खोलीत अंथरली. दादा परतला तर ही दारात उभी. लग्न झाल्यापासून त्याच्यासमोर मान वर न केलेली बाई.

देवाची खोली बाटवायला निघालात, म्हणून दादाने आवाज चढवला. वहिनीनेही री ओढली. बायको जागची हलली नाही.

"देवाला तुमीच दीड दिवसात बाहेर काढलंत, दादा," ती म्हणाली. "आता आमाला काढून दाखवा."

मी तिच्या बाजूने आत गेलो, तिला आत ओढलं आणि कडी घातली. या घरात आम्ही कडी घालायची ती पहिलीच वेळ. बाहेर दादा दार बडवत होता. म्हटलं, बडव.