बढती माझी, पाठ भावाची

मला माझ्या धाकट्या भावाचा हेवा वाटायचा. सांगायला लाज वाटते, पण होतं ते असं. पन्नाशीला टेकलेली बाई मी, सरकारी कचेरीत भल्याभल्यांना रांगेत उभं करणारी, आणि रविवारी खराडीला त्याच्या घरी गेले की मनातल्या मनात सहा वर्षांची व्हायचे.

कारण पप्पा. आई गेल्यापासून ते भावाकडे राहतात. आमच्या घरात मुलगा-मुलगी फरक नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून बुद्धवंदनेइतक्या वेळा ऐकलंय. लहानपणी सकाळी ते दाढी करत असताना पेपरातला अग्रलेख वाचून दाखवायचं काम माझं असे. आता त्यांचे डोळे अधू झालेत, तर पेपर भावाच्या हातात. मी समोर बसलेली असताना!

एकदा संशय आला की पुरावे शोधायलाही लागत नाहीत. मी चहाचं विचारलं तर उत्तर नाही, त्यानं विचारलं की लगेच अर्धा कप. मी ऑफिसचं काही सांगितलं की नुसती मान डोलवायची. झालं, म्हटलं, म्हातारपणी मुलगा तो मुलगाच. उलटं काही दिसलं तर त्याचीही मी वासलात लावायचे. माझ्यासाठी सुकटाची चटणी वेगळी काढून ठेवत, तर मी म्हणायचे, मन खात असेल त्यांना. मी बोलताना खुर्ची वळवून माझ्या तोंडाकडे एकटक बघत, तर वाटायचं, चुका काढायला बसलेत.

अधीक्षक झाले तेव्हा ऑर्डर हातात पडल्या पडल्या नारायण पेठेतल्या घरी न जाता थेट खराडी गाठली. पप्पांना सांगितलं. त्यांनी मान डोलवली आणि टीव्ही बघायला लागले. तेवढ्यात भाऊ आतून आला आणि म्हणाला, "पप्पा, ताई अधीक्षक झाली." तर गृहस्थ उठून उभे! डोळ्यांत पाणी, भावाची पाठ थोपटतायत, पेढे आणायला त्यालाच पिटाळतायत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पेढ्यांची वाट न बघता निघाले आणि दोन महिने तिकडे फिरकले नाही.

मग भाऊ कामासाठी बंगलोरला गेला आणि पप्पांना कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचं माझ्या गळ्यात पडलं. कानाचं काय? मला कुणी काही बोललंच नव्हतं. म्हणजे हेही त्यालाच ठाऊक, असं वाटून मी रिक्षात तोंड फिरवून बसले.

स्वारगेटजवळच्या दवाखान्यात तपासणी झाली. आयुष्यभर कारखान्यात प्रेस मशिनशेजारी उभे राहिलेत, त्यात हे वय, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. अशा कानांना पुरुषांचे जाड आवाज कळतात, बायकांचे बारीक आवाज आधी जातात. मला एकदम भावजय आठवली. तिलाही ते उत्तर देत नसत, हे मी दर रविवारी बघत होते. पण ती सून, म्हणून तिचं मी धरलंच नव्हतं.

पप्पांच्या कानाला यंत्र लावून बाई मला म्हणाल्या, बोला काहीतरी. दोन महिने मनात भांडत होते, आणि तोंडातून निघालं ते एवढंच.

"पप्पा, येतंय का ऐकू?"

ते दचकले. म्हणाले, "येतंय. मला वाटायचं, तू मुद्दाम आवाज खाली घेतेस. माझ्यावर राग धरलायस."

"मग विचारायचं ना मला."

"विचारलं होतं गं, दोनदा. तू काहीतरी म्हणालीस, ते ऐकू आलं नाही. मग तुझा चेहरा बघितला आणि समजायचं ते समजलो."

तेव्हा मी काय म्हणाले होते, मला आठवत नाही. चेहरा कसा असेल, ते मात्र मला पक्कं माहीत आहे.