नवसा म्हणजे मागून घेतलेली

परदेशी निघायच्या आधी आई आणि मी उल्हासनगरला बॅग घ्यायला गेलो. दुकानदार सिंधी, बोलका. बॅगेवर मार्करने नाव टाकून द्यायची त्याची पद्धत. "बेटा, नाम बोलो." मी सांगितलं, नवसा. तो थांबला. "ये कैसा नाम है? मतलब क्या?"

हा प्रश्न माझ्या पाचवीलाच पुजलेला. वांगणीच्या शाळेत मुली चिडवायच्या की तीन मुलांवर चौथाही मुलगाच मागितला असणार, देवीने चुकून तुला धाडलं. घरी हसून सोडून द्यायचे, म्हणून मीही तेच खरं धरलं होतं. गावातल्या देवीच्या देवळात माझ्या नवसाचा लाकडी पाळणा टांगलेला होता. तो कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही.

दुकानदारानेही तेच विचारलं, "लडका मांगा था क्या, माई?"

"नाय हो," आई म्हणाली. "तीन पोरं होती. बाप नि पोरं जेवायची नि उठायची. माज्याशी बोलाला घरात कोन नव्हता. म्हनून पोरगी मागितली."

मला जे इतक्या वर्षांत सांगितलं नाही, ते तिने एका परक्या माणसाला सहज सांगून टाकलं. तोवर माझा व्हिसा आला होता, तिकीट काढलेलं होतं. बॅग ओढत आम्ही बदलापूरच्या घरी आलो; वांगणीचं शेत विकल्यावर आम्ही तिथे राहायला गेलो होतो. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. हे आधी सांगितलं असतं तर मी थांबले असते का, कोण जाणे. म्हणूनच तिने सांगितलं नसावं.

आता मी डब्लिनला नर्स आहे. वॉर्डमधल्या आजीबाई नावाचा अर्थ विचारतात. देवाकडे मागून घेतलेली, असं मी सांगते. किती छान, म्हणतात आणि चहा मागतात. कशासाठी मागितली, हे कोणी विचारत नाही आणि ते बरंच आहे. शिफ्ट संपवून खोलीवर आलं की हीटर लावायचा, मायक्रोवेव्हमधला भात उभ्यानेच खायचा. माझ्यासारखे जे लांब गेलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

रविवारी व्हिडिओ कॉल करते. पहिल्या वर्षी आई थांबायची नाही. शेजारच्या बिल्डिंगची बंद पडलेली लिफ्ट, वहिनीचं माहेर, विकलेल्या शेतावर उभं राहिलेलं फार्महाऊस, सगळं सांगायची. हळूहळू बोलणं आटत गेलं. आता जेवलीस का, थंडी आहे का, एवढंच. परवा मी म्हटलं, "आई, बोल ना काहीतरी."

"सवय मोडली गं," ती म्हणाली. "तू ठेव आता, दमली असशील."

मी ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही. तिच्या मागे भाऊ टीव्ही बघत होते. घर कुठे, असं कोणी विचारलं तर मला आता वांगणी आठवत नाही, बदलापूरही नाही. फोन धरून समोरासमोर बसलेल्या आम्ही दोघी, एवढंच माझं घर उरलंय, आणि तिथे कोणी बोलत नाही.